टेबलाच्या पलीकडची जागा

कडबाकुट्टीत बोटे गेली की घरचे लोक पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी करतात. जखमेत मूठभर हळद भरतात, आणि तुटलेली बोटे शोधून थेट बर्फात टाकतात. दोन्ही गोष्टी मायेपोटी केलेल्या, आणि दोन्ही चुकीच्या. तुटलेले बोट ओल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि मग ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ थेट लागला की मांस गोठून मरते आणि जोडायला काही उरत नाही. ही एवढीशी गोष्ट दर वर्षी कितीतरी घरांना ठाऊक नसते, कारण सांगणारे माणूस जवळपास नसते.

मग तो हात तालुक्याच्या गावी येतो. तिथे ड्रेसिंग होते, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते, आणि चिठ्ठीवर लिहिले जाते, ‘पुढील उपचारासाठी पुण्यास’. शिरूरहून पुणे सत्तरेक किलोमीटर, दौंडहून थोडे अधिकच. कागदावर हे अंतर दीड तासाचे. पण रांजणगावच्या कारखान्यांची पाळी सुटलेली असेल, शिक्रापूरच्या चौकात ट्रेलर आडवा उभा असेल, वाघोलीत गाड्या तुंबल्या असतील, तर तोच रस्ता तीन तासांचा होतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, हा मोठाच आधार आहे. पण रुग्णवाहिका माणसाला नेते, टाका घालत नाही.

पुण्यात पोचल्यावर तो हात पाहतो एक रेसिडेंट डॉक्टर. दुसऱ्या वर्षाचा, दोन रात्री न झोपलेला. तो जखम धुतो, मेलेले मांस कापतो, हाड तारेने बांधतो, कातडी ओढून झाकतो. पहिल्या हाताला त्याला तीन तास लागतात, विसाव्याला एक. शिरूरच्या कडबाकुट्टीने, केडगावकडच्या गुऱ्हाळाच्या चरकाने, रांजणगावच्या प्रेस मशीनने त्याला शिकवलेले असते. तीन वर्षे पुरी झाली की तो एमएस होतो आणि शहरातच राहतो. रुग्ण आमचा, जखम आमची, आणि त्या जखमेवर तयार झालेला हात मात्र आमच्याकडे परत येत नाही. पुढच्या पानांतले सगळे लेख याच एका गोष्टीभोवती आहेत.

मी भीमेच्या या पट्ट्यात सर्जन म्हणून उभी हयात काढली. त्यामुळे जे लिहितो आहे ते तटस्थपणे लिहितो असा दावा करणार नाही.

शस्त्रक्रियेचे शिक्षण इतर शिक्षणासारखे नसते. पुस्तक वाचून परीक्षा पास होता येते, पोट उघडता येत नाही. ऑपरेशनच्या टेबलाच्या एका बाजूला सर्जन उभा असतो आणि पलीकडे, त्याच्यासमोर, शिकणारा. आधी तो फक्त धरून ठेवतो. मग रक्त टिपतो, मग गाठ मारतो. एके दिवशी वरिष्ठ म्हणतात, “ये, इकडे ये,” आणि दोघे जागा बदलतात. आपल्या विद्येची सगळी परंपरा त्या जागा बदलण्यात आहे. तालुक्याच्या गावी सर्जन असतो, टेबल असते, रुग्णही भरपूर असतात. पलीकडची जागा मात्र रिकामी असते. तिथे सिस्टर उभी राहते, वॉर्डबॉय उभा राहतो, कधी जवळच्या दवाखान्यातला बीएएमएस डॉक्टर मदतीला येतो. ही माणसे नसती तर आमची निम्मी ऑपरेशने झाली नसती, हे कृतज्ञतेने सांगतो. पण त्यांच्यातून पुढचा सर्जन घडवण्याची सोय व्यवस्थेत नाही.

एक रात्र आठवते. ऊसतोडीचा हंगाम होता. टोळीतला चाळिशीचा माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणला होता. पोट लाकडासारखे कडक, नाडी धावती, ओठ कोरडे. एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवेची कोर दिसत होती, म्हणजे जठराचा अल्सर फुटला होता. भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर आले. बंधपत्राच्या सेवेवर असलेला एक तरुण एमबीबीएस डॉक्टर त्या रात्री माझ्या ओळखीने तिथे होता. त्याला मी पलीकडे उभे केले. पोट उघडले, दीड-दोन लिटर घाण बाहेर काढली, भोक सापडले, वाटाण्याएवढे. आतड्यापुढे चरबीची जी झालर असते तिचा तुकडा त्यावर बसवून तीन टाके घालायचे असतात. दोन मी घातले. तिसरा त्याला घालायला लावला. त्याचा हात थरथरत होता आणि मध्येच वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सिस्टरने बॅटरी धरली आणि त्या पिवळ्या उजेडात त्याने गाठ मारली. चांगली मारली. रुग्ण आठव्या दिवशी चालत गेला.

तो मुलगा पुढे सर्जन झाला. मोठ्या शहरात शिकला, मोठ्या रुग्णालयात. परत येशील का, म्हणून एकदा विचारले. तो म्हणाला, “सर, यायला आवडेल, पण आता एकट्याने करायची भीती वाटते.” तीन वर्षे तो अशा ठिकाणी शिकला होता जिथे शेजारच्या खोलीत सीटी स्कॅन, खालच्या मजल्यावर रक्तपेढी, वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग. हर्निया एका युनिटचा, हाड दुसऱ्याचे, सिझेरियन तर वेगळ्याच विभागाचे. तालुक्याच्या गावी एकाच माणसाला अपेंडिक्सही काढावे लागते, भाजलेलेही पाहावे लागते, साप चावून सुजलेल्या पायाची कातडी वेळेत कापून मोकळीही करावी लागते. त्याला शिक्षण उत्तम मिळाले होते, पण ते इथल्या कामाचे नव्हते. त्याचा मला राग नाही. त्याने खरे सांगितले, आणि हे पुस्तक निघण्यामागे ते वाक्य आहे.

लॅन्सेट या नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक शल्यचिकित्सा आयोगाने २०१५ साली हिशोब मांडला, की जगातल्या ५०० कोटी लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. त्या आयोगाने साधी कसोटी दिली. तीन ऑपरेशने जिथे होतात ते रुग्णालय कामाचे: पोट उघडणे, सिझेरियन, आणि हाड कातडीबाहेर आलेल्या अस्थिभंगावर उपचार. आणि अशा रुग्णालयापर्यंत माणूस दोन तासांत पोचला पाहिजे. पुणे-नगर रस्त्यावर आणि पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही तीन ऑपरेशने पाठ आहेत. दौंडच्या जंक्शनवर रुळांवरचे अपघात, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतल्या भाजण्याच्या घटना, शिरूरच्या उसातले बिबट्याचे हल्ले, यांतल्या प्रत्येकाला पहिल्या तासात हात लागावा लागतो. तुटलेले बोट जोडायला सूक्ष्मशल्यचिकित्सा लागते, ती पुण्यातच व्हावी, माझे काही म्हणणे नाही. पण कडबाकुट्टीतल्या बहुतेक हातांना तिची गरज नसते. नीट धुणे, नीट कापणे, नीट झाकणे लागते, आणि ते शिकलेला सामान्य सर्जन तालुक्यात करू शकतो.

तो सर्जन आहे कुठे? केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत ८३.२ टक्के शल्यचिकित्सक कमी होते. शंभर खुर्च्यांपैकी त्र्याऐंशी रिकाम्या. आपल्याकडे या केंद्रांना ग्रामीण रुग्णालय म्हणतात, साधारण ३० खाटांचे. त्यावर ५० किंवा १०० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय, त्यावर जिल्हा रुग्णालय. आकडा देशाचा आहे, पण तो वाचताना डोळ्यांपुढे आमचीच बंद थिएटरे येतात, ज्यांच्या दिव्यावर धूळ बसलेली असते.

आता नियमांचे पाहू. २०२० साली पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत जिल्हा रेसिडेन्सी आली. प्रत्येक रेसिडेंटने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात राहून काम करायचे. आधी १०० खाटांची अट होती, २०२३च्या नियमांत ती ५० खाटांवर आली. मला या नियमाबद्दल मनापासून आनंद झाला होता. पण पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या रेसिडेंटने औंधला जाणे म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणे. ५० खाटांच्या अटीने उपजिल्हा रुग्णालयांचे दार उघडले, ग्रामीण रुग्णालय अजून बाहेरच उभे आहे. आणि जिथे दार उघडले तिथे शिकवणार कोण, हा प्रश्न नियमाने सोडवलेला नाही. तीन महिने रेसिडेंट येतो, बाह्यरुग्ण विभागात बसतो, हजेरी भरतो आणि जातो. टेबलाच्या पलीकडची जागा भरते, पण अलीकडे वरिष्ठच नसतो. मग तो काय शिकणार?

त्याच २०२० साली राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या. मोठ्या रुग्णालयांतच नव्हे, १०० खाटांच्या रुग्णालयांतही शिकता यावे, हा हेतू. सुरुवातीच्या आठ विषयांत भूलशास्त्र होते, स्त्रीरोग होते, बालरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा, क्ष-किरण, क्षयरोग, कुटुंबवैद्यक होते. सामान्य शल्यचिकित्सा नव्हती. शल्यचिकित्सेला दोन वर्षे पुरत नाहीत, हे मलाही पटते. पण मग तिच्यासाठी वेगळे काहीतरी हवे होते, आणि ते कुणी केले नाही. त्याआधी १९१२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या पदविकांवर महाराष्ट्राच्या जिल्हा रुग्णालयांनी कितीतरी वर्षे माणसे तयार केली. त्यांच्या मान्यतेचा वाद आजवर धुमसतो आहे. त्या वादात कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही. तालुक्यातले माझे अनेक सहकारी त्याच वाटेने आले, आणि ती माणसे कामाची होती, एवढे नोंदवतो.

बंधपत्राचे मात्र स्पष्ट बोलतो. सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर ५० लाख भरायचे. या धाकाने माणूस एक वर्ष येतो, पण त्याचे मन आलेले नसते. तो दिवस मोजतो. जबरदस्तीने आलेला सर्जन वाईट नसतो, पण तो गावात घर करत नाही, आणि घर न केलेला सर्जन अवघड ऑपरेशन अंगावर घेत नाही. त्यापेक्षा त्याच्या शिक्षणातलेच एक वर्ष इथे झाले असते तर? इथली सिस्टर ओळखीची, इथला भूलतज्ज्ञ ओळखीचा, चहावालासुद्धा ओळखीचा. माणूस जिथे शिकतो तिथे त्याचा हात निर्धास्त होतो.

हे स्वप्नरंजन नाही. मिरजेचे उदाहरण घ्या. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली मिशनचे डॉक्टर म्हणून या देशात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरज तेव्हा एक लहानसे संस्थान. तिथे त्यांनी नुसती ऑपरेशने केली नाहीत, वैद्यकीय शाळाही चालवली आणि आपल्याच टेबलापाशी भारतीय मुले तयार केली. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे निघाले तेव्हा शिकवायला हेच रुग्णालय होते. आज पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात दुखणे बळावले की लोक मिरजेला न्या म्हणतात. मिरजेच्या पाण्यात काही वेगळे नाही. तिथे शंभर वर्षे शिकवले गेले, आणि शिकलेली माणसे आसपास राहिली.

त्याच्या उलट उदाहरण आपल्या अगदी जवळचे. १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्त आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचे नाक कापले गेले, आणि पुण्याजवळच्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. करणारा विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. त्याच्या घरात ही विद्या चालत आली होती. त्या मजकुराने युरोपचे सर्जन जागे झाले, १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने त्या पद्धतीने नाक केले, आणि प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात हे प्रकरण कायमचे नोंदले गेले. पण आमच्या त्या कारागिराचे काय? एवढी मोठी विद्या त्याच्या घराबाहेर पडायला इथे शाळा नव्हती. ती लंडनला पोचली, पुढच्या गावाला पोचली नाही.

वैद्य जवळच घडवावा हा विचारही इथे जुनाच आहे. दौंड तालुक्यातले केडगाव पंडिता रमाबाईंचे. मुक्ती मिशन त्यांनी तिथे उभारले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिथेच त्यांचे देहावसान झाले. हे सर्वांना ठाऊक असते. कमी लोकांच्या लक्षात असते ते असे, की १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांना वैद्यक शिकवा, अशी मागणी केली होती. दुसऱ्या वर्षी त्या स्वतः वैद्यक शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली तेव्हा रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. बाई पुरुष डॉक्टरकडे जात नाही आणि मरते, तर डॉक्टर बायकांमधूनच तयार करा. रुग्ण वैद्यापर्यंत पोचत नसेल तर वैद्य रुग्णाच्याच माणसांतून घडवा, हे केडगावच्या बाईंनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी सांगितले. आज त्याच तालुक्यात मी तेच मागतो आहे, फक्त बाईच्या जागी गाव घालून.

शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७०च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच माणसांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९९३ साली डॉ. कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम शस्त्रक्रियेचे नव्हते. पण पुण्यातले मोठे रुग्णालय शिरूरच्या मातीत येऊन शिकवू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आणि गावातला सर्जन फक्त शिकत नाही, शिकवूही शकतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये हजारो रुपयांच्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरले. २००३ साली अनेक सर्जनांच्या रुग्णांचा अनुभव गोळा करून तो प्रसिद्ध केला. पुढे आफ्रिकेत ते वापरले गेले, आणि २०१६ साली युगांडातल्या रीतसर चाचणीत ते महागड्या जाळीइतकेच चांगले ठरले. हा शोध मुंबईत लागला नसता, कारण मुंबईत गरज पडली नसती. ग्रामीण सर्जनांच्या अखिल भारतीय संघटनेत असे कितीतरी लोक आहेत. त्यांच्या पलीकडे उभे राहायला रेसिडेंट द्यायला काय हरकत आहे?

बाहेरच्या जगातले दोन दाखले देऊन थांबतो. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना शस्त्रक्रियेचे शिक्षण दिले. सात वर्षांनी पाहिले तेव्हा ते बहुतेक सारे जिल्ह्यातच होते, डॉक्टर मात्र जवळजवळ सगळे निघून गेले होते. आपण डॉक्टर नसलेल्यांच्या हाती चाकू द्यावा असे मी म्हणत नाही. कोण टिकते, एवढे पाहावे. ऑस्ट्रेलियातील सर्जनांच्या महाविद्यालयाने तर धोरणच केले आहे, की ग्रामीण भागातली मुले निवडायची, त्यांना ग्रामीण भागात शिकवायचे आणि तिथे टिकायला मदत करायची. आपल्याकडे पहिल्या अटीला काही तोटा नाही. शिरूर-दौंडच्या शाळांतून दर वर्षी मुले-मुली एमबीबीएसला जातात. त्यांच्या परतीच्या वाटेवर शिक्षणाचे एकही ठाणे नाही.

या पुस्तकातले लेख सर्जनांचे आहेत, भूलतज्ज्ञांचे आहेत, दोन सिस्टरांचे आहेत आणि एका रुग्णाच्या मुलीचा आहे. भूलतज्ज्ञांचे लेख आधी वाचावेत, अशी माझी सूचना. सर्जनशिवाय भूल निरुपयोगी आणि भुलेशिवाय सर्जन. रक्त साठवण्याच्या परवान्यांवरचा लेख रूक्ष आहे, तरी सोडू नये. निम्मी ऑपरेशने रक्तापायीच पुढे पाठवली जातात. मुलींच्या निवासाबद्दल एका तरुण डॉक्टरणीने लिहिले आहे. रात्री थिएटरपासून खोलीपर्यंतच्या शंभर पावलांच्या अंधाराचे ते वर्णन वाचून मला लाज वाटली, कारण तो अंधार मी तीस वर्षे पाहिला आणि दिवा लावून घेतला नाही.

पुण्यातले आणि बारामतीतले वैद्यकीय शिक्षण हाती असलेल्या सर्वांना एकच विनंती. बारामतीत २०१९ पासून शासकीय महाविद्यालय आहे, आणि दौंडहून तिथे रेल्वे जाते. शल्यचिकित्सेच्या एका युनिटने आठवड्यातला एक वार दौंडला द्यावा, एक शिरूरला. प्राध्यापकाने यावे, सोबत दोन रेसिडेंट आणावेत, आणि त्या दिवशी इथली हर्नियाची, अंडवृद्धीची, पित्ताशयाची, हाताची ऑपरेशने इथेच करावीत. रुग्ण आम्ही तयार ठेवू. थिएटर आम्ही धुऊन ठेवू. वार तुम्ही ठरवा.